पंच शिकायला गेलेली मुलगी

ती घटना आठवली की आजही मला माझाच राग येतो. नोकरीत खुनाचे तपास केले, दरोडेखोरांच्या मागे रानोमाळ हिंडलो, त्यातलं काही आता छळत नाही. छळते ती एक साधी चारसोबीसची केस. गुन्हा उघडकीला आला होता, आरोपी हातात होता, मुद्देमाल जप्त होता. वरिष्ठांनी माझी पाठही थोपटली होती.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता आणि मी तिथे ठाणेदार. गावात एक गृहस्थ आले. भर उन्हाळ्यात टाय, तोंडात सदा इंग्रजी. बाजारात माडीवर खोली घेऊन त्यांनी बोर्ड लावला, 'कॉम्प्युटर शिक्षण केंद्र'. कॉम्प्युटर हा शब्द आम्ही फक्त पेपरात वाचलेला. उद्घाटनाला कोण? तर ठाणेदार! ठाणेदाराने फीत कापली की लोकांना ती सरकारी मोहोरच वाटते, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण हार गळ्यात पडला, पेढा तोंडात गेला आणि मी कात्री चालवली. यंत्र कुठे आहे, एवढं विचारायचंही मला सुचलं नाही.

दोनेक महिन्यांनी जवळच्या शिरपूरचा एक माणूस मुलीला घेऊन ठाण्यात आला. तिथल्या एका जैन शेठजींच्या कापडदुकानात तो कामाला होता. मुलगी मॅट्रिक पहिल्या वर्गात पास झालेली. बाप दाराशीच घुटमळत राहिला. मुलगी मात्र सरळ टेबलापाशी आली.

"साहेब, मी पंच शिकून राह्यली. पन सर मशीन दाखवत नाहीत, अन् माह्ये कागद बी देत नाहीत."

मी जमादाराकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे, आणि आम्ही दोघेही फिस्सकन हसलो. पोलिसाच्या भाषेत पंच म्हणजे पंचनाम्यावर सही करणारा माणूस. समोरच्या टपरीवरून आम्ही रोज दोन पंच धरून आणायचो.

"अगं, पंच व्हायला शिकावं लागतं का? सही करता आली की झालं. उद्यापासून इथेच ये की!"

ती हसली नाही. "थो पंच नाही, साहेब. कार्डाले भोकं पाडतेत, थो पंच. कॉम्प्युटर भोकं वाचते."

मग बाप बोलला. "मी म्हन्लं व्हतं तिले, डीएड कर, मास्तरीण होशीन. तं म्हने, मास्तरणी गावोगाव हायेत बाबा, हे नवं हाय, मले हेच शिकाचं हाय. मले काय समजते त्यातलं? कोनाले इचारू? तुमी फीत कापली व्हती, म्हून मी हो म्हन्लं."

एव्हाना मुलीच्या लक्षात आलं होतं की खोलीत कॉम्प्युटर सोडाच, साधा टाइपरायटरही नाही. नशिबाने डीएडच्या यादीत तिचा नंबर लागला होता. आठ दिवसांत मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला हजर करायचा होता. झेरॉक्सची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती आणि नक्कल कॉलेजला चालत नव्हती. ते दोन्ही कागद प्रवेशाच्या वेळी ठेवून घेऊन 'सरां'नी आपल्या ट्रंकेत टाकले होते.

खरं तर तेव्हाच जबाब घ्यायला हवा होता. माडी ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर होती. पण तक्रार लिहून घ्यायची म्हणजे आपल्याच हाताने आपल्या तोंडाला काळं फासायचं. मी म्हणालो, "हा तुमचा आपसातला मामला आहे. गोडीत मागा, देतील." स्टेशन डायरीत एक ओळही घातली नाही.

सातव्या दिवशी सकाळी माडीखालचा चहावाला धावत आला. "साहेब, कॉम्प्युटरवाले सर टेसनवर चालले. संग ट्रंक हाय, अन् खोलीची चाबी बी मालकाले नाही देल्ली!" आम्ही जीप काढली. खांडव्याकडची गाडी यायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच त्यांना गाठलं. ट्रंकेत जाड कार्डांचे गठ्ठे, बसच्या कंडक्टरकडे असतो तसला तिकिटाला भोक पाडायचा चिमटा आणि वीसेक मुलामुलींचे मूळ दाखले निघाले.

ठाण्यात आणल्यावर गृहस्थ जराही डगमगले नाहीत. उलट मलाच ऐकवलं, "ही कार्डं म्हणजे कॉम्प्युटरची भाषा. तुम्हाला वाचता येते का? नाही ना? मग मी फसवतोय हे कशावरून म्हणता?" मारझोड करून कबुली घेता आली असती, पण कोर्टात ती टिकत नाही. शेवटी शिरपूरहून मुलीला बोलावून घेतलं.

मी तिच्या हातात एक कार्ड दिलं. तिने ते खिडकीकडे धरलं, बोटाने भोकं मोजली आणि एकेक अक्षर म्हणत गेली. कुणाचं तरी आडनाव होतं, मग नाव, मग आकडे. "हे कोनाच्या तरी बिलाचं हाय, साहेब."

"तुला कसं कळलं?"

"काई कार्डांवर वरच्या काठाले अक्षरं छापेल हायेत. थे अन् भोकं जुळवून पाह्यले. हरेक अक्षराले दोन भोकं. वरचं एक तीन जागी फिरते, खालचं नऊ जागी. नऊ, नऊ अन् आठ, झाले सव्वीस." तिने गठ्ठ्यातून कोरं, बिनछापलेलं कार्ड काढलं आणि आरोपीपुढे ठेवलं. "सर, यावर माह्यं नाव पाडा बरं."

आरोपी चिमटा हातात घेऊन बसून राहिला. मग त्याने विचारलं, "हिला हे कुणी शिकवलं?"

"तुमीच तं कार्डं देल्ले व्हते," ती म्हणाली.

तिथे तो कोसळला. मुंबईतल्या कुठल्याशा ऑफिसात तो शिपाई होता. रद्दीतली वापरलेली आणि थोडी कोरी कार्डं घरी न्यायचा, त्याच भांडवलावर हे दुकान मांडलं होतं. जमादार माझ्या कानाशी म्हणाला, "साहेब, पोट्टी वाघीन हाय!" मलाही अभिमान वाटला. जणू मीच तिला शिकवलं होतं!

जबाबावर सही केल्यावर तिने विचारलं, "आता माह्ये कागद नेऊ? उद्या शेवटचा दिवस हाय."

मी म्हणालो, "कागद मुद्देमालात गेले, बाई. आता कोर्टाचा हुकूम लागेल."

हे खरं होतं, पण अर्धं. मॅजिस्ट्रेटपुढे त्याच दुपारी अर्ज ठेवून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे लागतील तेव्हा हजर करायच्या हमीवर, कागद सोडवता आले असते. धावपळ झाली असती, पण जमलं असतं. पण मला रिमांडचे कागद करायचे होते, वरिष्ठांना फोन करायचा होता, बातमीदार बाहेर उभा होता. "बघू पुढच्या आठवड्यात," म्हणालो. बाप हात जोडून उभा होता. ती माझ्या टेबलावरच्या त्या गठ्ठ्याकडे बघत राहिली आणि निघून गेली.

तिची जागा पुढच्या नंबरला गेली. आरोपी जामिनावर सुटला तो परागंदाच झाला आणि केस पडून राहिली. परीक्षा बोर्ड दुसरी प्रत देईना, कारण कागद हरवले नव्हते, ते तर पोलिसांकडे सुखरूप होते! दुसऱ्या वर्षीही कागदांवाचून तिची जागा गेली. तोवर माझी बदली होऊन गेली होती.

कागद परत द्यायचा हुकूम निघायला चार वर्षं लागली. कामानिमित्त मी वाशीमला आलो होतो. जमादाराने सांगितलं तेव्हा म्हटलं, मीच नेऊन देतो. लग्न होऊन ती इंझोरीला होती. सासरच्या अंगणात तुरी पाखडत बसलेली. मला तिने लगेच ओळखलं, पाणी दिलं. मी पाकीट पुढे केलं.

ठाण्यात केसचे कागद दाभणाने टोचून एका दोरीत ओवतात. कुणाचा कोणता कागद, हे कोणी पाहत नाही. तिची गुणपत्रिकाही तशीच टोचली होती. भोक नेमकं तिच्या नावातून गेलं होतं.

तिने कागद उन्हाकडे धरला. त्या दिवशी ठाण्याच्या खिडकीत कार्ड धरलं होतं, तसाच.

"आता काय शिकतेस?" असं काहीतरी मी बरळलो.

"आता काय शिकाचं, साहेब?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तक्रार आली की आधी लिहून घ्या," असं नव्या पोरांना मी जन्मभर सांगत आलो. माझ्या हातून जे गेलं ते मात्र त्या सांगण्याने परत आलं नाही.

तिने गुणपत्रिकेची घडी केली आणि सुपाखाली सारली. मी उठलो तेव्हा म्हणाली, "कागदाले भोक पाडाचं शिकाले गेली व्हती मी, साहेब. थे बी शेवटी तुमीच पाडलं."