शुभ दिवशी खरवडलेली भिंत

लाउ गिओक किम त्रेसष्ट वर्षांची आहे. जॉर्ज टाउनमधल्या, खाली दुकान आणि वर घर अशा जुन्या दुकानघरांना ती चुन्याचा गिलावा करते. बापाकडून शिकली. गल्लीत तिला सगळे किम-को म्हणतात. को म्हणजे आत्या. चुना ती आठ महिने पिंपात भिजत ठेवते आणि घाईच्या माणसाचं काम घेत नाही.

चुआ बून लेओंगचं काम मात्र तिने घेतलं. बंदराजवळचं आजोबांचं घर त्याला अकरा खोल्यांचं हॉटेल करायचं होतं. त्या घराच्या भिंती जमिनीतून खारं पाणी ओढतात. ते बाहेर पडायला वाट हवी. म्हणून चुना, आणि वर चुन्याचीच सफेदी.

गिलावा पुरा झाला तेव्हा चिनी पंचांगातला गृहप्रवेशाचा मुहूर्त तीन आठवड्यांवर होता. चुआच्या राशीला पुढचा चांगला दिवस थेट चार महिन्यांनी. किम-कोने त्याला समोर बसवून सांगितलं, "मुहूर्त चुलीचा आणि देवाचा असतो. रंगाचा नसतो. चूल आत आण, देव बसव. भिंत वाळायला दोन महिने उघडी राहू दे."

"राहू देतो, को," चुआ म्हणाला. "शब्द दिला."

मुहूर्ताच्या चार दिवस आधी ती सहज डोकावली. चाळीस फूट लांबीची भिंत पांढरीशुभ्र चकाकत होती. प्लास्टिक पेंट, दोन हात.

"पाहुणे फोटो काढणार, को," चुआ म्हणाला. "डागाळलेली भिंत कशी दाखवू?"

"आतलं पाणी कुठे जाईल?"

"रंगवाल्याने पाच वर्षांची हमी दिली आहे."

"रंगाची दिली. घराची कोण देणार?"

"को, तुमचं काम संपलंय."

ती निघाली. पेंटमागे कोंडलेल्या पाण्याने वर्षभरात गिलावा भुसभुशीत होतो, मग विटा. विटा गेल्यावर माणसं म्हणतात, चुना कच्चा होता.

मुहूर्ताच्या सकाळी पेटलेली शेगडी आत गेली, मग तांदळाचा रांजण. घरात भाग्य यावं म्हणून उंबऱ्यातून अननस गडगडत आत सोडला. त्याच्या मागोमाग बादली आणि लोखंडी पट्टी घेऊन किम-को आत आली, भिंतीशी बसली आणि खरवडू लागली.

दिवस तिने विचार करून निवडला होता. गृहप्रवेशाच्या दिवशी घरात कुणी कठोर शब्द बोलायचा नाही, हात धरून कुणाला बाहेर काढायचं नाही. बोललं तर ते वर्षभर घराला चिकटतं. मुहूर्तासाठी भिंत बुडवणारा चुआ हे मोडणार नाही, याची तिला खात्री होती.

चुआ हसत तिच्याजवळ आला. हसण्यात फक्त दात होते. "को, किती कष्ट घेता. चहा घ्या ना, बाहेर बसून."

"इथेच दे. साखर जास्त घाल. आज गोड बोलायचं आहे."

"हे उद्या केलं तर?"

"उद्या तू आजच्याइतका प्रेमळ नसशील."

पाहुण्यांत कुणीतरी खोकलं. पेंटचा ओलसर पापुद्रा सालीसारखा सुटून आला. मागून पाणी ओघळलं आणि नव्या फरशीवर पसरलं.

"पाणी आलं," किम-को मोठ्याने म्हणाली. "पाणी म्हणजे धन. अभिनंदन, बून लेओंग. तुझ्या भिंतीत भरपूर आहे."

चुआने पाहुण्यांकडे पाहिलं. सगळे वाट पाहत होते. "धन्यवाद, को," तो म्हणाला.

ती संध्याकाळी सहापर्यंत खरवडत राहिली. हात पोचेल तिथपर्यंत चाळीसही फूट मोकळे केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चुआचा फोन आला. आदल्या दिवशी गिळलेलं सगळं त्याने ओकलं, वकिलाचं नावही घेतलं.

"रंगवाल्याला परत बोलावलंस?" तिने शेवटी विचारलं.

"काल रात्रीच बोलावलं," तो म्हणाला. "ओलं बघून म्हणाला, आता हमी देत नाही."

"मग वरचा उरलेला पेंट तूच काढ. शिडी लागेल. माझे गुडघे चढत नाहीत."

हॉटेल नऊ आठवडे उशिरा उघडलं. शिडीवर चढून पेंट चुआनेच काढला, आणि खाली स्टूल टाकून बसलेल्या किम-कोने एक कोपरा त्याला तीनदा खरवडायला लावला.