न मोजता केलेली सही

नवी इमारत दिसली की प्रल्हाद गायकवाड आपली हाताने चालवायची तीनचाकी थांबवत आणि आधी पायऱ्या मोजत. मग खिशातून टेप काढून समोर जो कोणी असेल त्याच्या हातात तिचं एक टोक देत. पहिल्या भेटीत ते टोक मी धरलं. विश्रांतवाडीत आमच्या ठेकेदाराचं काम चालू होतं, मी तिथला साइट इंजिनिअर. फोन करायला समोरच्या पिवळ्या बूथवर गेलो तर बूथवाले म्हणाले, "आपला नंबर यायला वेळ आहे. तोवर हे धरा."

लहानपणी पोलिओने त्यांचे दोन्ही पाय गेले होते. अपंगांसाठी राखलेला तो बूथ त्यांनी अर्ज करकरून मिळवला होता. हिंजवडीत नुकती नोकरी लागलेली पोरं गावी फोन करायला तिथे रांग लावत. मीटरकडे एक डोळा ठेवून प्रल्हादराव मला शिकवत. "एकास बारा, साहेब. एक फूट चढायचं तर बारा फूट लांबीचा उतार. इथे घासाघीस नाही." मी डिप्लोमा केला होता, पण हे प्रमाण मला कुठल्याही वर्गात कोणी सांगितलं नव्हतं.

जवळच्या एका पतसंस्थेने हौसेने रॅम्प केला होता, घसरगुंडीसारखा उभा. प्रल्हादरावांनी तक्रार लिहिली नाही. दारातल्या बाकावर बसून त्यांनी मॅनेजरना आपल्या तीनचाकीत बसायची विनंती केली. "चढून दाखवा. मी टाळ्या वाजवतो." मॅनेजर अर्ध्यातून मागे घरंगळले, दोघांनी धरलं म्हणून वाचले. महिन्याभरात रॅम्प तोडून नवा झाला. उद्घाटनाला प्रल्हादराव टेप घेऊन गेले होते.

उचलून न्यायला लोक नेहमी तयार असत. त्यांना ते म्हणत, "अहो, मी माणूस आहे, सिमेंटचं पोतं नाही. मला वर नेऊ नका, मला वर जाऊ द्या."

भागातल्या अपंगांच्या समितीचे ते सचिव होते. प्रभागाच्या बैठका तेव्हा एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होत. "आमच्या सोयींवर चर्चा वर, आम्ही खाली. काय ठरलं ते शिपाई येऊन सांगतो," असं ते म्हणायचे. म्हणून नवं सभागृह बांधायचं ठरलं तेव्हा त्यांनी एक अट घालून घेतली. समितीने रॅम्प पाहून सही केल्याशिवाय इमारत ताब्यात घ्यायची नाही. ते काम आमच्या ठेकेदाराला मिळालं. जोतं तीन फूट, म्हणजे रॅम्प छत्तीस फूट. आकडा प्रल्हादरावांनी नकाशावर स्वतःच्या हाताने लिहिला.

इमारत उभी राहिली. रॅम्पच्या जागी राडारोडा पडून होता. एका दुपारी ठेकेदाराने मला बोलावून सांगितलं, "रॅम्प विसरा. तिथे पार्किंग करायचंय, वरून सांगणं आलंय. गायकवाडची सही तेवढी आणा. तुमचं ऐकतो तो. हिंजवडीच्या कामावर मला एक भरवशाचा माणूस हवाच आहे."

रॅम्प पाहिला, तो पूर्ण आहे असं लिहिलेला कागद घेऊन मी बूथवर गेलो. रॅम्प होणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी म्हणालो, "प्रल्हादराव, उद्घाटनाची तारीख ठरलीय. आठ दिवसांत छत्तीस फूट पूर्ण करून देतो. माझा शब्द."

त्यांनी टेपकडे हात नेला, मग मागे घेतला. "एकास बारा तुम्ही इथेच शिकलात. तुमच्या कामाला टेप लावू का?" असं म्हणून त्यांनी कागद वाचला आणि सही केली.

नव्या सभागृहातल्या पहिल्या बैठकीला समितीचे दहा-बाराजण आले. रॅम्पच्या जागी स्कूटरी लावल्या होत्या. आत बैठक सुरू झाली आणि ही मंडळी सहा पायऱ्यांच्या खाली थांबली. कारकुनाने कागद आणून दाखवला. "रॅम्प झाल्याचं तुमच्याच सचिवांनी लिहून दिलंय."

समितीतल्या लताबाई दृष्टिहीन होत्या. त्यांनी शेजाऱ्याकडून कागद वाचून घेतला आणि विचारलं, "प्रल्हाद, कितीला विकलंस आम्हाला?"

मी वरच्या पायरीवर उभा होतो. प्रल्हादराव माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, सांगा ना यांना."

ठेकेदार माझ्या मागेच होता. मी म्हणालो, "सही त्यांनी वाचूनच केली आहे."

एवढंच बोललो. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सोडवत राहिलो.

समितीने त्यांना काढून टाकलं. मला हिंजवडी मिळाली. तिथे काचेच्या इमारतींना मी एकास बारा मोजून रॅम्प बांधले, कारण परदेशी कंपन्या तपासून घेत. दोनेक वर्षांनी धीर करून बूथवर गेलो. मोबाइल आले होते, रांग नव्हती. प्रल्हादरावांनी मान वर केली. "या. लोकल की एसटीडी?"

मी म्हणालो, "प्रल्हादराव, मी..."

"लोकल असेल तर नाणं टाका." माझ्याकडे नाणं नव्हतं. ते पुन्हा पेपर वाचू लागले.

गेल्या वर्षी ते वारल्याचं उशिरा कळलं. मी लताबाईंचं घर शोधून गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आम्ही त्याला खूप विचारलं हो. न मोजता सही करणारा तू नव्हेस, कोणी फसवलं ते सांग, आम्ही तुला परत घेतो. दर वेळी एकच म्हणायचा, सही माझी आहे."

"माझं नाव कधीच घेतलं नाही?"

"नाही. आज तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं." त्या उठल्या, चाचपत दारापर्यंत आल्या. "मला एकटीला सांगून काय होणार? ज्यांच्यासमोर तो चोर ठरला, त्यातले निम्मे गेले. उरलेल्यांना कळेल असं कुठेतरी लिहा. नावासकट लिहा."

प्रल्हाद गायकवाडांनी कोणाला विकलं नाही. त्यांनी माझ्या शब्दावर सही केली, आणि तो शब्द देताना तो खोटा आहे हे मला माहीत होतं. माझं नाव वसंत देशमुख.