पाचव्या महिन्यातलं ग्रहण

कॉलेजात अभय दाभाडेला कुणी 'सर' म्हणत नसे. सव्वीस वर्षं तो रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होता. बाटल्या धुवायच्या, बर्नर लावून द्यायचे, पोरांनी फोडलेल्या परीक्षानळ्यांची काच गोळा करायची. 'दाभाडे, ते आण', 'दाभाडे, हे पूस'. पण सुट्टीच्या दिवशी शहरातल्या खगोल मंडळाची तीन इंची दुर्बीण स्कूटरला बांधून तो एखाद्या खेड्यात गेला, की सरपंचापासून सगळे त्याला सर म्हणत. हे त्याला आवडायचं, आणि आवडतं हे तो बायकोपासूनही लपवत नसे.

मंडळात डॉक्टर होते, इंजिनिअर होते. त्यांना फोटो काढायची हौस. अभयला समोर माणसं लागत. त्याचे वडील गवंडीकाम करत. लेकरांना त्यांनी एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली होती, की कुणी सांगतं म्हणून मानायचं नाही, आपल्या डोळ्यांनी बघायचं. अभय ते सगळ्या जिल्ह्याला दाखवत फिरत होता. सूर्यावरचे डाग दुर्बिणीतून पांढऱ्या पुठ्ठ्यावर उतरवायचा आणि म्हातारी माणसं त्या पुठ्ठ्यावर बोट ठेवून बघायची, की भाजतं का.

दोन हजार बावीसची दिवाळी. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सूर्यग्रहण होतं, मावळतीपर्यंत दिसणारं. अभयनं वैजापूरकडचं भोरवाडी हे गाव निवडलं. बहुतेक घरं मेंढपाळांची, आता निम्मी शेतीवर आणि मजुरीवर आलेली. शाळेचे रामहरी गुरुजी ओळखीचे होते. पश्चिमेला मोकळं माळरान, आडवं येणारं काही नाही.

पाच वाजायच्या आत पुठ्ठ्यावरच्या सूर्याची एक कड खाल्ल्यासारखी झाली. शाळेच्या पटांगणात पुरुष होते, पोरं होती, पण बाया चार-दोनच, त्याही पदर डोळ्यांवर ओढून भिंतीला टेकलेल्या. अभयनं नेहमीचं भाषण केलं. चंद्र मधे येतो, सावली पडते, एवढंच. मग तो म्हणाला, "इथं कुणी पोटुशी बाई असेल तर तिनं पुढं यावं."

कुणी हललं नाही. थोड्या वेळानं भिंतीजवळून एक पोरसवदा बाई आली. दिपाली तिचं नाव. सोनाजी पिसाळांची सून, लग्नाला वर्ष झालेलं, पाचवा महिना. तिला बारावीला विज्ञान होतं, हे तिनं स्वतःहून सांगितलं. अभयला एवढं बरं वाटलं, की तिच्यामागे भिंतीशी उभ्या बायांनी एकमेकींकडं कसं बघितलं, ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

त्यानं पेरू आणला होता, सुरी आणली होती. हा त्याचा ठरलेला प्रयोग होता, पण आजवर कुणी खरी गरोदर बाई पुढं आली नव्हती. दिपालीनं पेरूच्या चार फोडी केल्या. एक स्वतः खाल्ली, दुसरी अभयला दिली. रामहरी गुरुजींनी टाळ्या वाजवल्या, मग पोरांनी. सोबत आलेल्या मंडळाच्या माणसानं फोटो काढला आणि तिसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्रात आला. हातात सुरी, मागे ग्रहण लागलेला सूर्य पुठ्ठ्यावर, दिपाली हसतेय. अभयनं ते कात्रण प्रयोगशाळेच्या कपाटाला आतून चिकटवलं.

बायको मेघानं फोटो बघून विचारलं होतं, "तिच्या घरच्यांना विचारलं होतं का तुम्ही?"

"ती स्वतः आली पुढं."

"ते झालं हो. पण रात्री ती कुणाच्या घरी जाणार होती?"

अभयला तो प्रश्न बायकी वाटला.

मार्चमध्ये रामहरी गुरुजींचा फोन आला. पहिलं बाळंतपण म्हणून दिपाली माहेरी सिल्लोडला गेली होती. मुलगी झाली. वरचा ओठ मधोमध दुभंगलेला, आत टाळूलाही फट. सासू सखूबाई पाचव्या दिवशी तिकडं गेल्या, दुपट्यातलं तोंड उघडून बघितलं, चहाला हात न लावता परत आल्या. "गावात एकच बोलणं चालू आहे, दाभाडे," गुरुजी म्हणाले. "तुम्ही येऊ नका इकडं सध्या."

अभय दुसऱ्याच दिवशी गेला. सोबत दवाखान्यातून आणलेली पुस्तिका होती. तिच्यात चित्रं होती: आईच्या पोटात दुसऱ्या महिन्यातच बाळाचा ओठ दोन्ही बाजूंनी येऊन जुळतो, कधी जुळत नाही, आणि का जुळत नाही हे बहुतेक वेळा कुणालाच सांगता येत नाही. ग्रहण पाचव्या महिन्यात लागलं होतं. हिशेब इतका सरळ होता, की तो ऐकल्यावर कुणी काही बोलूच शकणार नाही असं त्याला वाटत होतं.

सोनाजी पिसाळ ओट्यावर बसून मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. त्यांनी आवाज चढवला नाही. अभयचं सगळं बोलणं संपेपर्यंत ऐकलं, पुस्तिकाही हातात घेतली.

"तुमचं खरं असंल सर. आमाला काय कळतंय," ते म्हणाले. "पर एक सांगा. गावात बाया काय कमी व्हत्या? तुमची सून उभी केली असती का तुमी तिथं?"

"केली असती."

"केली नव्हती ना पर."

आतून सखूबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात त्याच फोटोचं कात्रण होतं, घड्यांवर फाटलेलं. "ह्ये बघा. सुरी बघा. आन् पोरीचा ओठ जाऊन बघा. मी तिला म्हनलं व्हतं, आत पडून ऱ्हा, कायबी चिरू नको. तुमचं ऐकलं तिनं, माजं नाय. आता तुमीच संबाळा." दिपालीचा नवरा रामेश्वर आतच होता, दारातून त्याचे पाय दिसत होते. तो बाहेर आला नाही.

मग अभय सिल्लोडला गेला. दिपालीची आई कडूबाई कापसाच्या जिनिंगमध्ये मजुरीला जायची. पत्र्याच्या खोलीत दिपाली बाळाला चमच्यानं दूध पाजत होती. ते अर्धं नाकातून बाहेर येई, ती पुसे, पुन्हा चमचा लावी. एका पाजण्याला तास लागत होता. मुलीचं नाव सृष्टी ठेवलं होतं. बारशाला कुणी आलं नव्हतं.

तिलाही त्यानं ती चित्रं दाखवली. ती विज्ञान शिकलेली होती, तिला लगेच समजलं. पान उलटून तिनं पुन्हा पहिलं चित्र काढलं.

"म्हंजे दुसऱ्या महिन्यातच झालं व्हतं हे?"

"हो. पेरूचा काही संबंध नाही. ग्रहणाचाही नाही."

चित्रातल्या फटीवर तिनं बोट ठेवलं. मग म्हणाली, "मग दुसऱ्या महिन्यात मी काय केलं व्हतं, सर?"

"काही नाही. तू काहीच केलं नाहीस. कुणीच काही केलेलं नसतं."

"कुणीच नाय केलं," दिपाली म्हणाली, "तर मग मी एकटीच इथं कशी?"

अभयनं पुस्तिका मिटून पिशवीत घातली.

पुढचं वर्ष-दीड वर्ष त्यानं जे हातून झालं ते केलं. शहरातल्या दवाखान्यात तो त्यांना घेऊन जायचा, नंबर लावायचा. पाचव्या महिन्यात सृष्टीचा ओठ शिवला, सव्वा वर्षाची झाल्यावर टाळू. शस्त्रक्रिया चांगल्या झाल्या. ओठावर बारीक वण राहिला. दिपालीनं फोटो रामेश्वरला पाठवला. तो एकदा येऊन गेला, लेकीला मांडीवर घेतलं, रडला, आणि म्हणाला, आईचं मन वळवतो. त्यानंतर त्याचा फोन लागेनासा झाला. पुढच्या उन्हाळ्यात सिल्लोडच्या बाजारात कुणीतरी कडूबाईला सांगितलं, की भोरवाडीत दुसरी सून आलीय. दिपाली आईबरोबर जिनिंगला जाऊ लागली.

अभय मंडळात जातच होता, पण खेड्यांत जायचं त्यानं बंद केलं. एका बैठकीत नव्या सभासदांनी तो पेरूचा फोटो फलकावर छापायचा घाट घातला. अभय म्हणाला, छापू नका.

"पण सर, आपण बरोबरच होतो ना?" एकानं विचारलं.

"होतो," अभय म्हणाला. "आपण बरोबर होतो आणि आपण घरी गेलो."

कपाटातलं कात्रण त्यानं नखानं खरवडून काढलं. सगळं निघालं नाही.

भोरवाडीची खबर रामहरी गुरुजी अधूनमधून देत. आजूबाजूच्या पाच-सहा गावांत दिपालीची गोष्ट पोचली होती. पूर्वी ज्या बाया ग्रहणात नुसत्या घरात बसायच्या, त्या आता पोटुशी सुनेला दोन दिवस आधीपासून कोंडून ठेवत. कुणी शंका काढली की पिसाळांच्या सुनेचं नाव घेत. इतकी वर्षं हिंडून अभयला जे पुसता आलं नव्हतं, ते त्या गावांत त्याच्याच हातानं पक्कं झालं होतं.

दोन हजार पंचवीसच्या सप्टेंबरात, एका रविवारी खग्रास चंद्रग्रहण होतं. मंडळानं शहरात मोठा कार्यक्रम ठेवला होता. अभय त्या दुपारी सिल्लोडला निघाला. सृष्टी अडीच वर्षांची झाली होती, नाकातून का होईना बोलायला लागली होती. तिला रात्री चंद्र दाखवावा, एवढंच त्याच्या मनात होतं.

दार लावलेलं होतं. बऱ्याच वेळानं दिपालीनं अर्धवट उघडलं. आत अंधार, खिडकीला गोधडी लावलेली, पाण्याच्या हंड्यावर तुळशीची पानं. सृष्टी एका कोपऱ्यात चूपचाप बसलेली, गळ्यात काळा दोरा.

"दिपाली, तुला तर माहीत आहे," अभय म्हणाला.

"मला समदं माहीत आहे सर." ती दारातून बाजूला झाली नाही. "मी मानत नाय. पर उद्या हिला साधा ताप जरी आला ना, तर लोक मला इचारतील, तू त्या दिवशी काय केलं. तवा मला सांगता आलं पायजे."

ऊन कडक होतं, आणि स्कूटरवरून येऊन अभयच्या घशाला कोरड पडली होती. आतून कडूबाईचा आवाज आला, "त्येंला म्हनावं वेध लागलेत, पानी देता यायचं नाय. वाईट वाटून घेऊ नगा."

"नाही, नाही," अभय म्हणाला.

दिपालीनं दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला, मग सृष्टीनं काहीतरी विचारलं, आणि तिला गप्प केलेलंही ऐकू आलं.  अभयनं स्कूटर वळवली. शहरातल्या कार्यक्रमाला तो गेला नाही. घरी येऊन त्यानं हातपाय धुतले आणि मेघाला म्हणाला, जेवायला वाढ.