रेगिना कुलिकची रजा

चौतीस वर्षं ग्दान्स्कमध्ये ट्राम चालवून रेगिना कुलिकला माणसांचे दोनच प्रकार ठाऊक झाले होते. एक, दार बंद होताना आत सरकणारी आणि दुसरी, दारातच ठाण मांडणारी. ऑगस्टातल्या जत्रेला येणारे पाहुणे सगळेच्या सगळे दुसऱ्या प्रकारात. रुळांच्या मधोमध उभं राहून फोटो काढायचे, आणि घंटा वाजवली की वर हात हलवायचे, जणू हिनं त्यांना नमस्कारच केलाय. रेगिना त्यांना काचेमागून मनसोक्त शिव्या घालायची.

यंदा तिच्याच तीन मैत्रिणी तसल्या पाहुण्या होऊन आठवडाभर येणार होत्या, आणि त्यांच्यासाठी तिनं भर जत्रेत रजा टाकली होती.

चौघी दूर दक्षिणेतल्या तार्नुफ गावच्या शाळेत एका वर्गातल्या. एलेओनोरा पुढे मुख्याध्यापिका झाली आणि निवृत्त झाल्यावरही तशीच राहिली. लोंगिनाचा नवरा औषधांच्या दुकानाचा मालक. स्वतःचं मत असण्याची गरज तिला कधी पडली नाही, ती एलेओनोराचं वापरायची. मिरका वृद्धाश्रमात परिचारिका होती, अजूनही नोकरीत. रेगिना मात्र पंचविसाव्या वर्षी वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून ग्दान्स्कला निघून आली. डेपो काम शिकवणार होता आणि वसतिगृहात खाट देणार होता. निरोप द्यायला स्टेशनवर आलेली एलेओनोरा तेव्हा म्हणाली होती, "ट्राम? अगं, निदान बसमध्ये तिकिटं तरी फाड." लोंगिना हसली होती. गोदीत वेल्डर असलेल्या काझिकशी रेगिनाचं लग्न इथेच झालं, आणि सहा वर्षांपूर्वी तो इथेच गेला. तेव्हा तार्नुफहून एक कार्ड आलं होतं. त्यावर तिघींच्या सह्या होत्या, पण अक्षर एकट्या मिरकाचं.

"घरी राहायला या की, दोन खोल्या रिकाम्याच आहेत," रेगिनानं फोनवर सांगितलं होतं.

"नको गं. आम्हाला खिडकीतून नदी दिसायला हवी," एलेओनोरा म्हणाली.

मग त्यांनी नदीकाठी फ्लॅट घेतला, चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टचा. शनिवारी तिघींच्या बॅगा रेगिनानं वर चढवल्या. मिरका आपली बॅग स्वतः उचलायला गेली तर एलेओनोरा म्हणाली, "राहू दे, रेगिनाला सवय आहे."

आणि मग आठवडा सुरू झाला. ट्राममध्ये पाय ठेवायचा नाही, कारण सुट्टीवर आलोय, टॅक्सीच पाहिजे. मासा मागवायचा आणि त्याला माशाचा वास येतो म्हणून परत पाठवायचा. बंदरावरची माल उचलायची जुनी लाकडी यारी बघून एलेओनोरानं तिच्या बांधकामाचं शतक सांगितलं, ते चुकलं, आणि शेजारच्या फलकावर बरोबर लिहिलेलं असताना म्हणाली, "फलक चुकलाय." लोंगिना म्हणाली, "हल्ली कुणीही फलक लिहितं." मारियात्स्का गल्लीतल्या दुकानांत दोघींनी तीन तास अंबरच्या, म्हणजे समुद्रातून येणाऱ्या पिवळ्या राळेच्या, माळा घासून, हुंगून, दाताखाली धरून पाहिल्या आणि घेतलं काहीच नाही. त्या दुकानांतल्या बायका रेगिनाच्या रोजच्या प्रवासी. तिला त्यांच्या नजरेला नजर देववेना. ती बाहेर सगळ्यांच्या पर्स धरून उभी राहिली.

"तू इतकी वर्षं इथं राहून एकही अंगठी घेतली नाहीस?" एलेओनोरानं बाहेर येऊन विचारलं.

"हँडलवर हात ठेवला की टोचते," रेगिना म्हणाली.

"बिचारी," लोंगिना म्हणाली.

रेगिनाच्या मनात आलं, हिचा नवरा हिला गोळ्या देऊन गप्प का बसवत नाही?

बुधवारी मात्र सगळ्यावर कडी झाली. नदीकाठच्या हॉटेलात चौघी जेवायला बसल्या होत्या. शेजारच्या टेबलावरून एक नीटनेटकी बाई उठून आली, तार्नुफच्या एका बड्या वकिलाची बायको. एलेओनोरा लगबगीनं उभी राहिली, गालाला गाल लागले. मग त्या बाईनं रेगिनाकडे पाहिलं. रेगिनाच्या मांडीवर तिघींची जाकिटं होती, पायाशी खरेदीच्या पिशव्या.

"आणि ह्या कोण?"

"ह्या होय? ह्या इथल्याच," एलेओनोरा म्हणाली. "आम्हाला गाव दाखवतात."

लोंगिनानं मान हलवली. मिरकानं तोंड उघडलं, मग ताटात पाहिलं.

रेगिनानं बशीतले सगळे पिएरोगी, त्या उकडलेल्या करंज्या, संपवले, वरचा तळलेला कांदासुद्धा चमच्यानं गोळा करून खाल्ला, जाकिटं खुर्चीवर ठेवली आणि "डोकं दुखतंय" म्हणून निघाली. घरी येऊन तिनं डेपोत फोन लावला.

"साहेब, उद्यापासून घ्या मला."

"रजेवर आहेस ना? मैत्रिणी आल्यात ना?"

"म्हणूनच."

साहेबाला जत्रेच्या दिवसांत ड्रायव्हर मिळतच नव्हते. त्यानं पुढे विचारलंच नाही.

मैत्रिणींना तिनं कळवलं, डेपोनं तातडीनं बोलावलंय. एलेओनोराचं उत्तर आलं, "आता आम्हाला कोण नेणार?" मिरकानं वेगळं लिहिलं, "मी तुझ्या ट्राममध्ये बसू?"

शुक्रवारी दुपारी मिरका आठ नंबरच्या ट्राममध्ये पहिल्याच बाकावर बसली होती, रेगिनाच्या केबिनच्या पाठीमागे. गाडी स्टोगीच्या समुद्रकिनाऱ्याकडे निघालेली, खचाखच भरलेली. मोठ्या स्टेशनच्या थांब्यावर रेगिनाला आरशात दोन गवती टोप्या दिसल्या. टॅक्सी मिळाली नव्हती वाटतं. एलेओनोरा आणि लोंगिना केबिनकडे एक नजर टाकून मागच्या दारानं चढल्या, आणि दारातच उभ्या राहिल्या.

दोन थांब्यांनंतर तिकीट तपासनीस चढले. दोघींकडे तिकिटं होती, पण कोरी. आत चढल्यावर त्यावर यंत्रात शिक्का मारायचा असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सांगून ऐकलं असतं असंही नाही.

"मी मुख्याध्यापिका होते!" मागून आवाज आला. "आणि ही ट्राम चालवणारी आमची बालमैत्रीण आहे! विचारा तिला! रेगिना! अगं रेगिना!"

पुढच्या थांब्यावर तरुण तपासनीस केबिनपाशी आला. रोजच्या ओळखीचा. "काकू, मागच्या दोन बायका म्हणतायत तुमच्या मैत्रिणी आहेत. ओळखता?"

सगळी ट्राम वळून पाहत होती. गर्दीतून एलेओनोराचा चेहरा दिसत होता, लालबुंद, आणि पहिल्यांदाच काही मागणारा.

रेगिनानं आरशात नीट पाहून घेतलं.

"नाही," ती म्हणाली. "पाहुण्या दिसतात. असतात अशा."

तपासनीसांनी दोघींना खाली उतरवलं. दारं बंद झाली. रेगिनानं गाडी सोडली.

स्टोगीला शेवटच्या थांब्यावर तिला अठरा मिनिटं विश्रांती होती. टपरीवरून तिनं तळलेला चपटा मासा घेतला, कागदात, आणि मिरकाशेजारी कठड्यावर बसली. पाइनच्या झाडांमागून समुद्राचा आवाज येत होता.

"बरं केलं नाहीस," मिरका म्हणाली. "एलेओनोरा रडत होती. मी पाहिलं."

"रडू दे."

"मीही बुधवारी गप्प बसले होते. मग मला का गाडीत घेतलंस?"

रेगिनानं काटा काढून बाजूला ठेवला. "तू आत सरकून बसलीस म्हणून."

मिरकाला अर्थ कळला नाही. पण ती हसली. मग म्हणाली, "तिला माफी माग म्हणून नाही सांगत. पण उद्या सकाळी आम्ही निघू, स्टेशनवर येशील?"

"उद्या सकाळपाळी आहे."

"खरंच?"

"नाही. पण मागून घेईन."

दोघी मासा खात राहिल्या. रेगिनाला वाटलं होतं, 'नाही' म्हटल्यावर छातीतलं काहीतरी मोकळं होईल. तसं झालं नव्हतं. एलेओनोराचा तो चेहरा तिला आवडलाही नव्हता, आणि आपल्याला तो आवडला नाही याचाच तिला राग येत होता. तरी पुन्हा कुणी विचारलं असतं तर तिनं तेच उत्तर दिलं असतं.

"पुढच्या वर्षी माझी नोकरी संपते," मिरका म्हणाली. "एकटीच येईन. तुझ्या घरी उतरेन."

"नदी दिसत नाही माझ्याकडून. समोर भिंत आहे."

"असू दे."

रेगिनानं हात पुसले आणि कागद चुरगाळून डब्यात टाकला. ट्राममध्ये ओले पाय आणि वाळूचे टॉवेल घेऊन माणसं चढत होती, आणि नेहमीसारखी दारातच थबकत होती.

"आत सरका!" ती ओरडली आणि केबिनकडे निघाली.