गुरुवारची रजा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझी चुकलेली बीपीची गोळीसुद्धा लपत नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आमचा टॉवेलचा कारखाना सोलापूरच्या एमआयडीसीत. मी तिथं ऑफिसात बसतो. दुपारी पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आत येते, तिच्यात कापसाची तुसं तरंगत असतात. शेजारच्या शेडमधल्या मागांचा आवाज इतका एकसुरी, की थोड्या वेळानं तो ऐकूच येत नाही. डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो. ते तीन दिवस मला असेच आठवतात, तिरिपेत तरंगणारे. पण ते स्वप्न नव्हतं. मी चांगला जागा होतो.

देशमुखसाहेब आमचे मॅनेजर. बायकोच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ते आठ दिवस हैदराबादला निघाले. आमच्याकडे रजेची मंजुरी सॉफ्टवेअरमध्ये होते — कामगार मोबाइलवरून अर्ज टाकतो, साहेब 'मंजूर' दाबतात. साहेबच गावाला गेले तर? त्याचीही सोय आहे. या तारखेपासून त्या तारखेपर्यंत माझे अधिकार अमक्याला, असं भरून ठेवायचं. साहेबांनी माझं नाव भरलं. जाताना म्हणाले, "कुणाला अडवून ठेवू नकोस रे. एकच दिवस मागणाऱ्याला खरी गरज असते."

मला फार बरं वाटलं. त्या आठवड्यात मी रोज इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. हसा तुम्ही, हसण्यासारखंच आहे.

सोमवारी पद्माक्काचा अर्ज आला. टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बायकांत तिचा हात सगळ्यात सफाईदार. माहेर वळसंगचं, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचं. अर्ज टाकून ती स्वतःच जिना चढून वर आली.

"भाऊ, गुरुवारचा एकच दिवस हाय बगा. नान्ना माग मोडायलेत. शेवटचं कापड मीच कापायचं म्हनून बसलेत की."

नान्ना म्हणजे तिचे वडील. खड्ड्यात पाय सोडून विणायच्या मागावर त्यांचा जन्म गेला. त्यांच्या घरातली रीत अशी, की माग कायमचा बंद होताना शेवटचं कापड लेकीनं कापायचं, मागाला हळदकुंकू लावायचं, आणि मगच सुतारानं हात लावायचा. तिचा भाऊ दोन दिवसांसाठी भिवंडीहून येणार होता, शुक्रवारी परत जाणार. म्हणून गुरुवारच हवा होता.

मी म्हणालो, बघतो. बघायचं काय होतं त्यात?

गुरुवारीच मालक परदेशी पाहुण्यांना कारखाना दाखवणार होते. पद्माक्काचं मशीन रिकामं दिसलं आणि मालकांनी विचारलं, रजा कुणी दिली — तर? एवढीच माझी भीती. एवढीशीच. मंगळवार तसाच गेला. स्क्रीनवर तिच्या नावापुढे पिवळा ठिपका होता, मी त्याच्याकडे बघत बसायचो. साहेबांना फोन करून विचारता आलं असतं ना? आलं असतं. पण ते म्हणाले असते, दे की — आणि मग द्यावी लागली असती. म्हणून मी फोन केला नाही.

बुधवारी दुपारी, त्याच तिरिपेत, मी 'नामंजूर' दाबलं.

आता या सॉफ्टवेअरचं कसं आहे — तिच्या मोबाइलवर उमटलं ते साहेबांचं नाव. माझं नाव आतल्या नोंदीत, बारीक अक्षरात, 'यांच्या वतीने' म्हणून. तिथवर कोण जातंय? ती पुन्हा वर आली. मी कागद चाळत म्हणालो, "साहेबांनी तिकडूनच नाकारली, अक्का. मी लई सांगून बघितलं."

लई सांगून बघितलं! साहेबांच्या खांद्यावर बंदूक ठेवली आणि वर स्वतःला हार घालून घेतला. हे वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. ते किती सहज आलं, याचीच मला अजून लाज वाटते.

गुरुवारी पाहुणे आले, सॅम्पलच्या खोलीत चहा प्यायले, गेले. शिवणखात्याकडे कुणी फिरकलंही नाही. वळसंगला नान्ना दुपारपर्यंत मागाशेजारी बसून राहिले. शेवटी मुलाला हात लावू दिला नाही, स्वतःच कापड कापलं. कुंकू कुणीच लावलं नाही. पद्माक्का रविवारी जाऊन आली तेव्हा तिथं नुसता खड्डा होता.

हे तिनंच मला सांगितलं. मग पिशवीतून एक पंचा काढला. त्या कापडाचे दोन पंचे झाले होते, एक नान्नांनी ठेवून घेतला होता.

"तुमी माज्यासाटी बोललात भाऊ. तुमाला न्हाय द्यायचा तर कुनाला?"

तेव्हा तोंड उघडता आलं असतं. मी तो पंचा घेतला. दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला.

साहेब गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी सगळे त्यांच्या पाया पडले. पद्माक्का मशीनवरून उठली नाही. साहेबांच्या ते लक्षात आलं. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पद्माबाईंचं मन माझ्याकडून कधी दुखावलंय का रे?" चोराच्या मनात चांदणं — मला वाटलं, यांना कळलंय. कळलं नव्हतं. मी म्हणालो, तिचा स्वभावच तसा आहे. त्यांनी मान हलवली आणि नारळ सांभाळत गाडीत बसले.

आता मंजुरी मीच देतो. पद्माक्काचा अर्ज आला की कारण न वाचता 'मंजूर' दाबतो. ती नव्या बायकांना सांगते, आधीचे साहेब लई कठोर होते, भाऊंचं तसं न्हाय. मी तिथून जात असलो तर ऐकू येतं. मी थांबत नाही.

तो अर्ज साहेबांनी पाहिलासुद्धा नव्हता. तो मी नाकारला. पंचा माझ्याकडे आहे.