पंच्याऐंशी ग्रॅम शिसं

ग्रुपवरचे अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. कुणी चकवा लिहिला, कुणी हडळ लिहिली, की माझ्या मनात एकच प्रश्न यायचा... मोजलं होतं का? माझं मंचरला डिझेल पंप दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. काटा दाखवेल ते खरं, बाकी गप्पा – हा माझा पहिल्यापासूनचा खाक्या. तो आजही बदललेला नाही, म्हणूनच हे लिहायला जरा जड जातंय.

आमचा एक छोटा क्लब आहे, मॉडेल विमानं बनवणाऱ्यांचा. मंचर, जुन्नर, राजुरी मिळून सहा-सात डोकी. खऱ्या विमानाची मापं घेऊन, हलक्या लाकडाचं आणि पातळ कागदाचं विमान प्रमाणात बनवायचं, बॅटरी-मोटर बसवायची आणि रविवारी सकाळी राजुरीजवळच्या माळावर रिमोटने उडवायचं. रस्त्याने जाणारे गाडी थांबवून विचारतात, "लग्नाच्या शूटिंगला येता का राव?" आम्ही नाही म्हटलं की त्यांचा आमच्यातला इंटरेस्ट संपतो.

क्लब सुरू केला कांतिशेठने. मंचरच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान, आजोबांच्या वेळेपासून इथेच. जैन माणूस, अगदी काटेकोर. पंखांवर कधी रेशीम चढवलं नाही, कारण त्यात किडे मरतात. आणि त्याची एक ठरलेली पद्धत होती. उड्डाणाआधी विमानाच्या पोटावर बोटाने तीनदा टकटक करायची आणि एसटीच्या कंडक्टरसारखं म्हणायचं, "चला, कोन असंल त्यानं उतरून घ्या." आत मुंगी असो, कोळी असो, त्याला उतरायला मिनिटभर वेळ द्यायचा, मगच मोटर चालू. आम्ही जाम खेचायचो त्याची. तो म्हणायचा, "मिस्त्री, तिकीट न्हाई म्हणून काय जीव घ्यायचा का त्याचा?" गंमत म्हणजे तो स्वतः उभ्या आयुष्यात खऱ्या विमानात बसला नव्हता. मुलीने एकदा तिकीट काढून दिलं होतं, तर दुकान बंद राहील म्हणून गेला नाही.

गेल्या दिवाळीनंतर शेठ गेला. झोपेतच.

त्याच्या टेबलावर एक विमान अर्धवट होतं. दोन सीटचं जुनं ट्रेनर, पंख हातभर-हातभर. वहिनींनी मला बोलावून घेतलं. "भाऊ, येवढं एक पुरं करा. मी कधी त्या माळावर आलेच न्हाई, दुकान कोन बघनार म्हणून. आता एकदा उडताना बघायचंय मला. मग ठेवा क्लबात." मी हो म्हणालो. मनात मात्र धास्ती होती. पडलं तर दुसरं नव्हतं. शेठच्या हातचं ते शेवटचं काम.

तीन महिने लागले. कागद चढवला, रंग दिला, मोटर बसवली. शेवटचं काम तोल. पंखाखाली दोन खुणा असतात, त्यांवर बोटं टेकवून विमान उचललं की ते आडवं राहिलं पाहिजे. शेपूट जड असेल तर हवेत गेल्यावर नाक वर करून सरळ कोसळतं, सावरायला वेळच मिळत नाही. हे विमान शेपटीला चांगलंच जड होतं. मी टायरवाल्याकडून बॅलन्सिंगचं शिसं आणलं, नाकावर बाहेरून टेपने चिकटवून थोडं थोडं वाढवत गेलो. बरोबर पंच्याऐंशी ग्रॅमला तोल आला. आता तेवढं शिसं काढून नाकाच्या आतल्या कप्प्यात पक्कं करायचं, एवढंच राहिलं होतं.

रविवारी सकाळी माळावर सगळे जमले. वहिनी मुलीबरोबर आल्या, थर्मासमध्ये चहा घेऊन. क्लबचा नियम आहे की बनवणाऱ्याने स्वतः तोल तपासायचा नाही, दुसऱ्याने तपासायचा. जुन्नरच्या सुनीलने बोटांवर उचललं. विमान आडवं, एकदम स्थिर. "ओके," सुनील म्हणाला. मी इतका टेन्शनमध्ये होतो की थेट मोटर चालू केली.

विमान उडालं. दहा मिनिटं फिरवलं मी ते. हात सोडला तरी सरळ जात होतं, इतकं शांत विमान मी आजवर उडवलेलं नाही. उतरवल्यावर वहिनी डोळे पुसत जवळ आल्या.

"भाऊ, हे टकटक करायचे म्हणं आधी. तुमी केली न्हाई."

"विसरलो वहिनी. एखादी मुंगी असेल आत."

"असू द्या," त्या म्हणाल्या. "बसलं असंल कुनी, तर बसू द्या."

दुपारी वर्कशॉपमध्ये कपडे बदलायला गेलो. खुंटीवरचा एप्रन हाताला जड लागला. खिशात शिसं होतं. टेपसकट.

मग आठवलं. शनिवारी टेप काढला, तेवढ्यात ट्रॅक्टरचा पंप घेऊन गिऱ्हाईक आलं, शिसं खिशात टाकलं आणि राहून गेलं. मी विमान काढलं, नाकाचं झाकण उघडलं. कप्पा रिकामा. झाकण लावलं, खुणांवर बोटं टेकवून उचललं. आडवं.

सुनीलला फोन केला. तो डिजिटल काटा घेऊन जुन्नरहून आला. वजन केलं – शनिवारी शिसं लावायच्या आधी वहीत लिहिलेलं तेवढंच, ग्रॅमचाही फरक नाही. नकाशा काढून खुणा परत मोजल्या, बरोबर. बॅटरी जागेवर. शेपटीचं काही तुटलेलं नाही. सुनीलने उचललं, मी उचललं. विमान आडवंच राहत होतं. "कायतरी चुकतंय आपलं," सुनील सारखं म्हणत होता. पण काय चुकतंय ते दोघांनाही सापडलं नाही.

ठरवलं की पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर करून दाखवायचं आणि मोबाईलवर व्हिडिओ घ्यायचा. नुसत्या तोंडाच्या गोष्टीवर मीच विश्वास ठेवला नसता. वहिनींनाही बोलावलं. आठवडाभर विमान वर्कशॉपमध्येच होतं. रोज सकाळी उचलून बघायचो. रोज आडवं.

रविवारी सुनीलने कॅमेरा धरला. आज काही विसरायचं नाही, सगळं पद्धतशीर, असं मी घरूनच घोकत आलो होतो. झाकण उघडून रिकामा कप्पा दाखवला. झाकण लावलं. बोटं टेकवली, विमान उचललं.

शेपूट खाली गेलं.

परत केलं. परत खाली. सुनीलने केलं, तेच. पोरं हसली. "मिस्त्री, वय झालं तुमचं," कुणीतरी म्हणालं. मीही हसलो. शिसं खिशात होतं ते नाकावर धरून बघितलं, पंच्याऐंशी ग्रॅमला बरोबर तोल आला. कुठल्याही विमानाचा येतो तसा.

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "भाऊ, आज टकटक केली का?"

मला आठवेना. म्हणालो, "नसेल केली."

घरी येऊन व्हिडिओ बघितला. सुरुवातीलाच आहे ते. झाकण उघडायच्या आधी मी विमानाच्या पोटावर तीनदा बोट वाजवतो. पाठोपाठ माझाच आवाज येतो, शेठची नक्कल केल्यासारखा.

यावरून मी काही निष्कर्ष काढत नाही. आधी काय झालं, नंतर काय झालं, तेवढं लिहिलंय. लाकूड हवेने ओलं होतं, सुकतं, त्याने थोडा फरक पडतो... पण पंच्याऐंशी ग्रॅमचा नाही. कुणाला कारण माहीत असेल तर जरूर सांगा, मला खरंच हवंय. वाईट मात्र वाटतं, ते लपवत नाही. विमान माझ्या वर्कशॉपमध्ये टांगलेलं आहे. नाकातलं शिसं मी अजून बसवलेलं नाही. रविवारी काढून बोटांवर उचलून बघतो, शेपूट खाली जातं, परत टांगून ठेवतो. आणि तो व्हिडिओही डिलीट केलेला नाही. त्यात मी स्वच्छ आवाजात म्हणतोय, "चला, कोन असंल त्यानं उतरून घ्या."