कडू काढा कुणी प्यायचा?

पहिल्या खेपेला सासूबाईंनी कळवणहून आणलेला मुलगा होण्याचा काढा मी मुकाट्यानं प्यायले आणि मुलगी झाली. दुसऱ्यांदा दिवस राहिले, तर पुन्हा तोच काढा! मी हटूनच बसले, "डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय थेंबभरसुद्धा पिणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंसमोर कागदावर गर्भाशय काढलं, दोन्ही बाजूंची अंडाशयं काढली, मधल्या नळ्या काढल्या. "आजी, स्त्रीबीजात फक्त एक्स असतो. पुरुषाच्या शुक्राणूत एक्स किंवा वाय. वाय आला तर मुलगा. ते तुमच्या लेकाकडून येतं, आणि आता ठरूनही गेलंय. काढ्यानं काही होत नाही."

संध्याकाळी हे फुलबाजारातून आले, तसा सासूबाईंनी काढ्याचा पेला ह्यांच्यापुढे आदळला.

"पी."

"आई, आता काय उपयोग?"

"नसू दे. एवढ्या लांबून आणलाय, वाया घालवू?"

ह्यांनी नाक दाबून तो संपवला. मी पदरात तोंड लपवून हसले.

दुसरीही मुलगीच झाली. बारशाला शेजारीण हळहळली, "पुन्हा मुलगीच?"

नातीला थोपटत सासूबाई म्हणाल्या, "मला काय विचारतेस? त्याला विचार. ह्या वेळी काढासुद्धा त्यानंच प्यायलाय."